हरमनचा पाय

जालिंदरचा हात भाजला तेव्हा त्याच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. फर्नांडिस साहेबांचं त्याच्याकडं लक्ष गेलं ते तिथून.

शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेलेला. आदल्या सालीही आभाळानं हात आखडताच घेतला होता. तेलगावच्या अलीकडं, माळावर, नवा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. धुराडं चढलं, बॉयलर बसला, ऊस ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळ्या जोडून झाल्या, आणि सगळं तयार झाल्यावर गाळायला ऊसच उरला नाही. सभासदांचा ऊस गुडघ्याएवढा वाढून जागेवर वाळला; जो थोडाफार हिरवा होता तो छावण्यांतल्या जनावरांच्या तोंडी गेला. चाचणी हंगाम पुढच्या सालावर ढकलला. मशिनरी बसवायला पुण्याहून आलेली माणसं एकेक करून परतली. मागं राहिले फर्नांडिस साहेब, बसवलेल्या लोखंडाला गंज चढू नये एवढं बघायला, आणि त्यांच्या हाताखाली आसपासच्या गावांतले थोडे खलाशी, मशिनरीवरचे मदतनीस. जालिंदर त्यातलाच एक.

त्या दिवशी वर्कशॉपात वेल्डरनं एक पाइप जोडून बाजूला सरकवला. जालिंदरनं तो उघड्या हातानं उचलला आणि नेऊन भिंतीशी उभा केला. कातडं करपल्याचा वास वेल्डरच्या नाकाला आधी लागला.

"अबे, हात बघ की!" तो ओरडला.

जालिंदरनं तळहात वर करून पाहिला. दुसऱ्या कुणाचा हात आपल्यासमोर धरला असावा, तसं पाहिलं.

फर्नांडिस साहेब त्याला दंडाला धरून आपल्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेले. साहेब मूळ गोव्याकडचे, वाढलेले मुंबईत माझगावला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एकटा माणूस. शेडात एक खाट, एक टेबल, पाण्याचा माठ आणि टेबलावर एक टेपरेकॉर्डर. तो चालूच होता. साहेबांनी त्याच्या हाताला मलम लावलं.

"दुखत नाय काय तुला?"

"दुखतंय की," जालिंदर म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

टेपमधून कुठलं तरी परदेशी वाजप चाललं होतं. गाणं नाही, बोल नाहीत. एक ट्रंपेट होतं, तेवढं त्याला ओळखू आलं. बाकीचं कानावरून गेलं. मलम लावून झालं तसा तो उठला आणि कामाला लागला.

जालिंदर टाकळीचा, बौद्धवाड्यातला. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर घरातली हलगी काढून चुलीत घातली होती. गावकीचं वाजवणं बंद म्हणजे बंद. कुणाच्या मयताला, कुणाच्या पोळ्याला, शिळ्या भाकरीवर जाऊन वाजवायचं नाही. पण पोरांचे हात काही त्याला चुलीत घालता आले नाहीत. थोरला ज्ञानोबा पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा, धाकटा जालिंदर ताटावर. शेवटी बाप म्हणाला, वाजवायचंच तर अंगात डगला घालून वाजवा, सुपारी घेऊन वाजवा आणि वाजवून झालं की खुर्चीवर बसून जेवा. तसं दोघं भाऊ रामहरी मास्तरच्या बँडमध्ये गेले. रामहरी क्लॅरोनेट वाजवायचा. ज्ञानोबानं ढोल घेतला, जालिंदरनं साइड ड्रम.

वीस-बावीस वर्षं दोघांनी बरोबर वाजवलं. ज्ञानोबाचा हात जड होता आणि डोकं थंड. मिरवणुकीत पोरं कितीही नाचून अंगावर आली तरी त्याचा ठेका इकडचा तिकडं व्हायचा नाही. जालिंदरचं काम त्या ठेक्याच्या मधल्या जागा भरण्याचं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ढोल पडला की पुढची जागा त्याला आपोआप दिसायची, आणि काड्या तिथं जाऊन पडायच्या. रामहरी मास्तर म्हणायचा, "तुमी दोघं एका आईचं दूध पिलेले, तुमाला काय सांगायचं!"

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात भगवानरावांनी विहीर खोल करायला काढली. भगवानराव गावातले मोठे शेतकरी, नव्या कारखान्याचे संचालक. सुरुंग लावून खडक फोडायचा आणि दगड यारीच्या दोरानं वर ओढायचा. लग्नसराई दुष्काळानं बुडालेली, बँडला सुपाऱ्या नव्हत्या. दोघं भाऊ त्या कामावर गेले. ज्ञानोबा खाली, जालिंदर वर, यारीवर. त्या दिवशी लावलेल्या सुरुंगांपैकी एक उडालाच नव्हता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्ञानोबा खाली उतरला, त्यानं पहार मारली.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसतं धप्प. जालिंदरच्या हातात यारीचा दोर होता. दोराला एक हिसका बसला, मग तो सैल पडला. एवढंच त्याला पक्कं आठवायचं. पुढं लोक धावले, खाट आली, भाऊ वर आणला, अंबाजोगाईला दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. हे सगळं त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटायचं.

मातीला तो रडला नाही. पाचव्या दिवशीच्या वंदनेलाही रडला नाही. लोक म्हणाले, गडी खंबीर हाय. नंतर म्हणाले, गडी दगड हाय. त्याचं त्यालाही कळत नव्हतं. भाकरी खाल्ली तर खाल्ली. बायको पारूबाई काही बोलली तर हूं म्हणायचं. पोरगी शेजारी येऊन बसली तर डोक्यावर हात ठेवायचा, पण हात ठेवल्यासारखं वाटायचं नाही. भगवानरावांनी शब्द टाकून त्याला कारखान्यात चिकटवलं. ज्ञानोबाची बायको मालनबाई तेव्हा एकदाच बोलली, "गेले ते, अन् नोकरी लागली तुमाला." तिच्या बोलण्यात कडवटपणा होता की नुसती थकावट, हे त्यानं ताडून पाहिलं नाही. दोन्ही घरांची चूल एकच होती. पगार आला की तो तिच्या हातात द्यायचा.

बँड त्यानं सोडला. सोडला असंही नाही. साइड गळ्यात घालून एकदा उभा राहिला होता, रामहरीनं दुसऱ्याच कुणाला ढोलावर घेतलं होतं, आणि जालिंदरच्या काड्या हवेतच थांबल्या. जागाच दिसेनात. त्यानं साइड उतरवून ठेवला आणि घरी आला.

हात भाजल्यावर रोज दुपारी मलम लावायला साहेबांच्या शेडात जाणं झालं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खलाशी बॉयलरच्या सावलीला पडायचे. जालिंदर भाकरी घेऊन शेडात बसायला लागला, कारण साहेबांनी बस म्हटलं आणि उठून जायला काही निमित्त नव्हतं. टेप चालूच असायचा. कॅसेट एकच. साहेबांचा थोरला भाऊ मुंबईच्या हॉटेलांतून ड्रम वाजवायचा. आता मस्कतला होता. त्यानंच ती पाठवलेली. कव्हरावर एका काळ्यासावळ्या माणसाचा फोटो होता. टाय बांधलेला, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

"हा हरमन," साहेब म्हणाले. "अमेरिकेचा. हरमन टिल्बी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवलं. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड नाय काढली कधी. मेल्यावर कंपनीनं त्याची निवडक गाणी गोळा केली आणि ही एक कॅसेट काढली."

जालिंदरनं फोटो पाहिला आणि परत दिला.

दोनचार दिवस असेच गेले. कॅसेट एका अंगानं संपली की साहेब उलटी करून लावायचे. ट्रंपेट बदलायचं, पेटीसारखं काहीतरी वाजायचं, कुठं एक बाई गायची. जालिंदरच्या कानाला हे सगळं उपरंच होतं. पण या सगळ्याच्या खाली काहीतरी चालायचं आणि भाकरीचा घास चावता चावता त्याचा जबडा त्याच्याशी जुळायचा. एकदा ते त्याचं त्यालाच कळलं. तो चावायचा थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "ह्ये दोघं भाऊ हायेत का?"

"कोण दोघं?"

"ढोलवाला अन् साइडवाला."

साहेब हसायला लागले. मग त्याच्या तोंडाकडं बघून हसू आवरलं. "दोघं नाय रे. एकच आहे. हरमन."

"एकच माणूस?"

"एकच. बसून वाजवतो. हे बघ." साहेब खाटेवर बसले. समोर रिकामा खोका ओढला. "मोठा ढोल खाली आडवा ठेवलेला. त्याला पायानं ठोका द्यायचा. पायाखाली पट्टी असते, पट्टी दाबली की दांडा ढोलावर पडतो. डाव्या पायाखाली दोन झांजा, त्या अशा मिटतात. आणि हातात काड्या, समोर साइड, वर टांगलेली मोठी झांज. आलं ध्यानात?"

जालिंदरनं खाली आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "ते आत्ताचं परत लावा बरं."

साहेबांनी कॅसेट मागं फिरवली. बाईचं गाणं होतं. हरमन काड्यांनी वाजवत नव्हता. साहेब म्हणाले, तारेचा कुंचला असतो, त्यानं कातड्यावर घासतो. खरंच, कुणी अंगण झाडावं तसा आवाज येत होता, सावकाश, गोल गोल. आणि त्याच्या खाली पायाचा ढोल. जालिंदरला वाटलं होतं तो थोरल्या भावाचा. तो याच माणसाचा होता. आपणच ठेका द्यायचा आणि आपणच मधली जागा भरायची.

त्याला त्याचं नवल वाटलं म्हणावं तर तसंही नाही. आनंद नाही, दुःख नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सुट्टी कधी होते याकडं त्याचं लक्ष लागून राहिलं, आणि असं कशाकडं लक्ष लागून फार दिवस झाले होते.

त्यानंतर माघ-फाल्गुन तो ऐकतच राहिला. साहेबांना मशिनरीला तेलपाणी करण्यापलीकडं काम नव्हतं आणि बोलायला माणूस नव्हता. गाणी काळाच्या क्रमानं लावलेली होती. कव्हरातल्या घडीच्या कागदावर वाचून साहेब सांगायचे: हे पहिलं, तेव्हा हरमन विशीतला. हा दुसरा बँड. हा तिसरा. बँड बदलत गेले, मास्तर बदलले, हरमन तोच.

पहिल्या गाण्यात त्याला भारी घाई होती. एक जागा मोकळी सोडायचा नाही. ट्रंपेटवाल्यानं श्वास घेतला की हा तिथं घुसलाच. मधे बाकीचे सगळे थांबायचे आणि हरमन एकटा वाजवायचा, पावसाच्या गारा पत्र्यावर पडाव्या तसा. साहेबांना तेच गाणं आवडायचं. ते आलं की साहेब टेबलावर बोटं आपटायचे, मान हलवायचे. "काय हात आहे! माझा भाऊ सहा महिने याच्यावर बसला होता, नाय जमलं."

"हात हाय," जालिंदर म्हणायचा. "पर कुणाला बोलूच देत न्हाई."

पुढच्या गाण्यांत हरमन जरा निवला. पेटीवाल्याबरोबर असला की ऐकून वाजवायचा, ट्रंपेटवाला आला की त्याच्याशी भांडण काढायचा. एका गाण्यात दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. जालिंदरला ट्रंपेटवाल्याचं तोंड दिसल्यासारखं व्हायचं. हरमनचा पाय मात्र वेगळाच होता. तो किंचित मागं राहायचा. चुकत नव्हता, मागं राहायचा. भरल्या गाडीचा बैल चढाला लागल्यावर पाऊल दाबून टाकतो, तसा. हात पुढं पळायला बघतायत आणि पाय म्हणतोय, थांब. बँड कुठलाही असो, पाय ऐकला की ओळखू यायचा.

दुसऱ्या अंगाचं शेवटचं गाणं हरमन म्हातारा झाल्यावरचं होतं. ते फार हळू होतं. एक पेटीवाला आणि हा. वरची झांज तेवढी हलकीशी चाललेली, टिंग… टिंग… आणि पायाचा ढोल कितीतरी वेळ यायचाच नाही. आता येईल, आता येईल, असं वाटायचं, आणि यायचा नाही. मग एकदाच यायचा. साहेबांना ते गाणं रटाळ वाटायचं.

"म्हातारा झाला, हात चालेना. दुसरं काय?"

"आसंल," जालिंदर म्हणाला. "पर त्याला घाई न्हाई आता."

"तुला काय आवडतं रे त्यात?"

जालिंदरनं विचार केला. "आवडतं आसं न्हाई. ठोका जिथं पडत न्हाई, तिथं मला दादा दिसतो."

मग साहेबांनी विचारलं, दादा कोण. जालिंदरनं सांगितलं. विहीर, सुरुंग, यारीचा दोर. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. साहेबांनी काही समजूत घातली नाही. उठून माठातलं पाणी दिलं आणि कॅसेट उलटी करून लावली.

तसा पट्टी-दांड्याचा पाय तयार करायची कल्पना साहेबांची. वर्कशॉप रिकामं, भंगार पडलेलं, हातांना काम नाही. सायकलचा ब्रेक, पट्टीचा तुकडा, एक स्प्रिंग, आणि दांड्याच्या टोकाला लाकडी गोळा, त्यावर मऊ लोकरीचा नमदा गुंडाळलेला. पहिल्यांदा केलेला पाय दाबला की परत वरच येईना. दुसऱ्यांदा स्प्रिंग एवढी कडक बसली की जालिंदरचं पाऊल उडालं. तिसऱ्यांदा जमलं. खोक्यावर ठोका पडायला लागला. पण खोका तो खोका. ढोल पाहिजे होता.

ढोल मालनबाईच्या घरात खुंटीला होता. रामहरी मास्तर तो मागून गेला होता. बाबासाहेबांची जयंती तोंडावर आलेली, आणि त्याच्या मेहुण्याला, बंकटला, ढोलावर उभं करायचं होतं. मालनबाईनं त्याला नुसता चहा पाजून वाटेला लावलं होतं.

जालिंदर संध्याकाळी तिच्या दारात बसला. "वैनी, दादाचा ढोल द्या."

"तुमी वाजवणार?"

"हां. पायानं."

मालनबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "कशानं?"

"पायानं."

"त्यांच्या ढोलाला पाय लावणार तुमी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "येड लागलंय का भावजी तुमाला? त्यो माणूस वाजवायच्या आधी ढोलाच्या पाया पडायचा."

"पाय ढोलाला लागत न्हाई, वैनी. मधी दांडा हाय."

"दांडा असो न्हाईतर काई असो."

तो समजावून सांगायला लागला: अमेरिकेतला माणूस, एकटाच, दोन्ही वाजवतो. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की हे सांगण्यासारखं नाही, ऐकण्यासारखं आहे. तो उठून घरी गेला. पारूबाईनं विचारलं, काय झालं. काई न्हाई, म्हणाला.

दोन दिवसांनी, टळटळीत दुपारी, मालनबाईच भाकरीचं फडकं घेऊन कारखान्यावर आली. एरवी भाकरी सकाळीच सोबत असायची. शेडाच्या दारात ती उभी राहिली, डोईवर पदर घेऊन. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी खाट पुढं केली. ती खाटेवर बसली नाही, उंबऱ्याशी टेकली.

"लावा म्हणावं ते," ती जालिंदरला म्हणाली.

साहेबांनी पहिलं, गारांचं गाणं लावलं. ती खाली बघून ऐकत राहिली. "लई बडवतोय," एवढंच म्हणाली. बाईचं गाणं आलं तेव्हा तिनं एकदा मान वर केली. साहेबांनी कॅसेट उलटी केली आणि पुढं पळवून शेवटचं लावलं. झांज सुरू झाली. पायाचा ढोल येईना. बाहेर माळावर वाऱ्यानं धूळ उठली होती आणि पत्रा तापून कडकड वाजत होता. ढोल एकदा आला. पुन्हा गेला. मालनबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "ह्याचं कोण गेलतं?"

जालिंदरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कव्हरातला कागद काढून चष्मा लावून वाचला. "तसं काय लिहिलेलं नाय," ते म्हणाले.

"लिवत न्हाईत," मालनबाई म्हणाली. ती उठली, फडकं झटकलं. पायरी उतरताना जालिंदरला म्हणाली, "न्या ढोल. पर चप्पल घालून न्हाई."

जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांची तसबीर बैलगाडीत आणि मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जालिंदर, असं ठरलं. रामहरीला हे पसंत नव्हतं. बँडवाला माणूस उभ्यानं वाजवतो, चालत वाजवतो. ट्रॉलीत बसून वाजवायला हा काय भजनी बुवा हाय? पण ढोल ज्ञानोबाचा होता आणि तो दुसऱ्या कुणाला मिळणार नव्हता. ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली. बाया पांढऱ्या साड्यांत पुढं, पोरं निळे झेंडे घेऊन. ट्रॉलीच्या पत्र्यानं दिवसभर ऊन खाल्लेलं. जालिंदरचे अनवाणी तळवे त्यावर टेकले, आणि त्यानं पाय दाबला.

पहिल्याच चौकात नमदा सुटून पडला. लाकडाचा नागडा ठोका कातड्यावर पडला, टक्. पोरं हसली. "अबे, सायकल हाणतोय का जालूभाऊ?" कुणीतरी ओरडलं. फर्नांडिस साहेब मिरवणुकीत होते. ते घाम पुसत ट्रॉलीवर चढले आणि सुतळीनं नमदा बांधून उतरले. पुन्हा सुरू झालं.

मग जमलं. म्हणजे ठेका धरला गेला. हात आणि पाय एकमेकांना विचारत विचारत चालले. पाय किंचित मागं ठेवायचा त्यानं प्रयत्न केला. कधी राहिला, कधी नुसताच चुकला. एका ठिकाणी त्यानं जागा सोडली, ढोल टाकलाच नाही. रामहरीचं क्लॅरोनेट तिथं अडखळलं. मास्तरनं मागं वळून डोळे वटारले. दुसऱ्यांदा जागा आली तेव्हा रामहरी न अडखळता तिथून पुढं गेला, आणि तिसऱ्यांदा त्यानं त्या जागेत स्वतःचीच एक तान घातली. तेवढ्या एका जागी जालिंदरनं मान वर करून पाहिलं. बाकी वेळ तो आपल्या पायाकडंच बघत होता.

लोकांचं म्हणाल तर, ढोल कमी वाटला, असं बरेच जण म्हणाले. नाचणाऱ्या पोरांना मजा आली नाही. म्हातारे म्हणाले, बरं वाजलं. असली मतं दरसाल पडतात.

मिरवणूक विहारापाशी थांबली. जालिंदरला ट्रॉलीतून उतरता येईना. उजव्या पोटरीत गोळा आला होता. मालनबाई ट्रॉलीपाशी आली. तिनं ढोलाच्या कड्यावरून हात फिरवला.

"त्यांचा ठेका न्हवता," ती म्हणाली.

"न्हवता."

"निघाल्यापासून वाट बघत चालले, कुठंतरी येईल म्हणून. मारुतीच्या पारापर्यंत बघितली. मंग सोडून दिली." तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "वाजवलं चांगलं तुमी."

जालिंदरला वाटलं, आता आपल्यालाही येईल. तो थांबून राहिला. काही आलं नाही. पोटरी ठणकत होती, तळवे पोळले होते, तहान लागली होती. त्यानं पाणी मागितलं. मालनबाईनं तांब्या आणून दिला, आणि तो सगळा त्यानं बसल्या जागी संपवला. पाणी गार होतं. गार आहे हे त्याला कळलं.

पुढं दोन दिवस तो लंगडत कामावर गेला.

जूनमध्ये साहेबांना बदलीचा हुकूम आला; कोल्हापूरकडं दुसऱ्या एका कारखान्याची उभारणी निघाली होती. जायच्या दिवशी त्यांनी सामान जीपमध्ये टाकलं, टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला. कॅसेट त्याच्या आतच होती. जालिंदरनं ती मागितली नाही आणि साहेबांच्याही डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, पण भावाची होती. "येतो रे," म्हणाले. गेले. नंतर एकदा अंबाजोगाईला गेला असताना जालिंदरनं कॅसेटच्या दुकानात विचारून पाहिलं. दुकानदारानं भीमगीतं दाखवली, सिनेमाची दाखवली. हरमन म्हणजे कोण, कव्वालीवाला का, म्हणाला. जालिंदर तसाच बसला परतीच्या एसटीत.

अंबाजोगाईला तो गेला होता मालनबाईला सोडायला. तिनं स्वतःच खटपट करून तिथल्या एका दवाखान्यात आयाचं काम मिळवलं होतं. कुणाच्या शब्दावर नाही, हे तिनं मुद्दाम सांगितलं. ढोल तिनं जालिंदरच्या घरी ठेवला.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, आणि त्याच्याही पुढच्या साली कारखान्याचा बॉयलर पेटला. जालिंदर बॉयलरवर कायम झाला. पाय मात्र फार टिकला नाही. स्प्रिंग गेली, आणि साहेबांशिवाय ती बसवणं कुणाला जमलं नाही. रामहरीनं बंकटला ढोलावर आणलं. बंकट चाळिशीचा, माजलगावच्या बाजारात भाजी विकणारा, अंगानं आडवा. जालिंदरनं ज्ञानोबाचा ढोल त्याच्या गळ्यात घातला आणि स्वतः साइड घेतला. पहिल्याच तालमीला बंकट जीव खाऊन बडवायला लागला.

"थांब," जालिंदर म्हणाला. "मधी जागा ठेव बे जरा."

"किती ठेवू?"

जालिंदरनं काड्या काखेत धरल्या आणि विचार केला. हरमनचं ते शेवटचं गाणं आठवायचा प्रयत्न केला. झांज आठवली, पेटी आठवली, पण ढोल नेमका केव्हा पडायचा ते आता धड सांगता येईना.

"मला बी ठावं न्हाई," तो म्हणाला. "वाजव तू. बघू."